पाण्याच्या मागे दोन दिवस: हिवाळ्यात संभाजीनगरच्या नहरींची सावकाश भटकंती

दर डिसेंबरात माझी मैत्रीण लातूरहून येते. कॉलेजपासूनची मैत्रीण, शुक्रवारी रात्री उतरते आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जाते. सुरुवातीची काही वर्षं आम्ही सगळे करतात तेच केलं. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, आणि रात्री पाय चेपत बसायचं. मग एका वर्षी तिचा गुडघा धरला होता. लांब कुठे जाण्यात अर्थ नव्हता म्हणून गावातच राहिलो आणि पाणचक्कीवर, म्हणजे पाण्यावर फिरणाऱ्या जुन्या जात्यापाशी, जाऊन बसलो. तिने सहज विचारलं, "हे पाणी येतं कुठून गं?" मी याच शहरात वाढलेली, पण मला सांगता आलं नाही.

त्या प्रश्नामागे आम्ही आता कित्येक हिवाळे फिरलो आहोत. त्यातून जो क्रम जमला, तो इथे सविस्तर लिहिते आहे. दोन दिवस पुरतात, चालणं बेताचं आहे, खर्चही फार नाही. एकच गोष्ट मनाशी पक्की ठेवायची: पाणी जिथून येतं तिथून सुरुवात करायची आणि उताराने खाली यायचं. आधी बीबी का मकबरा, मग पाणचक्की, मग वेळ उरला तर बाकीचं, असं केलं तर सगळं सुटं सुटं दिसतं. मी स्वतः दोनदा तसंच केलं होतं आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही.

नहरींचं शहर म्हणजे काय

नहर म्हटलं की काठ, पूल, होड्या डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडच्या नहरी जमिनीखालून जातात. वरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात, वरात निघते, आणि खाली चारशे वर्षांपूर्वीचा दगडी बोगदा असतो.

मलिक अंबर हा हबशी सरदार आफ्रिकेतून गुलाम म्हणून दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी या गावाला राजधानी केलं. जागा लढाईच्या दृष्टीने चांगली होती, पण मोठ्या वस्तीला पुरेल एवढं पाणी तिथे नव्हतं. पुढच्या काही वर्षांत त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यापासून गावापर्यंत पाणी आणलं. तीच नहर-ए-अंबरी. १६२६ मध्ये मलिक अंबर गेला, त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच्या मुलाच्या काळात खडकीचं फतेहनगर झालं, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली, नहरी वाढत गेल्या. मोगलांच्या काळात आणखी नहरी खोदल्या गेल्या, कुठली बेगमपुऱ्यासाठी, कुठली पाणचक्कीसाठी. नळ येईपर्यंत जुन्या गावातली कित्येक घरं आणि हौद याच पाण्यावर होते.

आता यातली करामत समजून घ्या, कारण ती समजली की दोन दिवसांत दिसणारा प्रत्येक दगड बोलायला लागतो. नहरीने नदीचं वरचं पाणी घेतलेलं नाही. आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. डोंगरावर पडलेला पाऊस मुरमातून झिरपतो, खालच्या पाषाणाला अडतो आणि आडवा सरकत राहतो. शहरातून जाणाऱ्या खाम नदीचं पात्र वाळलं तरी पात्राखालचा हा झिरपा बराच काळ टिकतो. त्या थरात बोगदा खोदायचा, पाझर त्यात गोळा होऊ द्यायचा आणि मग अगदी मंद उतार देऊन ते पाणी गावाकडे सोडायचं. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खाऊन टाकतं, कमी झाला तर गाळ बसतो. बोगदा खोदायला, त्यात हवा खेळायला आणि गाळ काढायला ठराविक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवायची. इराणातल्या कनातींचं, म्हणजे तिथल्या भुयारी कालव्यांचं, हेच तंत्र. बिदरच्या करेझ आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच कुळातले.

गावाजवळ आल्यावर पाणी खापराच्या नळांत घेतलेलं असे. भाजलेल्या मातीचे नळ, एकात एक बसवलेले, सांधे चुन्याने बंद केलेले आणि वरून चुन्याचंच जाड आवरण. लांब नळात हवा कोंडते आणि पाण्याचा दाब नळ फोडतो. त्यासाठी मध्ये मध्ये उंच चौकोनी खांब बांधले, त्यांना इथे बंब म्हणतात. पाणी बंबाच्या आतून वर चढतं, माथ्यावर मोकळं होतं, हवा निघून जाते, आणि दुसऱ्या बाजूने पाणी पुन्हा खाली उतरून पुढे जातं. विजापुरात अशाच बांधकामाला गंज म्हणतात.

कधी यायचं, काय आणायचं

डिसेंबरचा मध्य ते जानेवारीची अखेर. थंडी हे एक कारण आहेच. पहाटे स्वेटर लागतो, दुपारी नुसत्या सुती कपड्यांत फिरता येतं. पण मला दुसरी दोन कारणं जास्त महत्त्वाची वाटतात. पावसाळा संपून फार दिवस झालेले नसतात, त्यामुळे झिऱ्यांना पाणी असतं आणि पाणचक्कीची धार जाड असते. आणि गवत वाळून बसलेलं असतं, त्यामुळे नहरीची तोंडं आणि पडके बंब लांबून दिसतात. सप्टेंबरात तुम्ही उघड्या तोंडापासून दोन पावलांवर असाल आणि कळणारही नाही.

परभणी, नांदेड, जालन्याकडून येणाऱ्यांना रेल्वे सोपी. देवगिरी, नंदिग्राम, तपोवन, कुठलीही चालेल. लातूर, बीड, धाराशिवकडच्यांना एसटी. राहायला मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास बघा. तिथून जुनं गाव, पाणचक्की, बेगमपुरा सगळं रिक्षाच्या टप्प्यात आहे. लांबच्या झकपक हॉटेलात उतरलात तर निम्मा वेळ जालना रोडवर जाईल.

बरोबर बूट हवेत. चप्पल नको, शेतात सराटे असतात. एक चांगली बॅटरी, मोबाइलची नको, हातातून निसटली तर नहरीतच जाईल. पाण्याची बाटली, सुट्टे पैसे, आणि डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल. वाटेत दर्गा आहे, मशिदी आहेत, देवळं आहेत.

आणि माणूस एकच आणा. ही भटकंती दोघांची आहे. चार-पाच जण झाले की गप्पा रंगतात आणि पाण्याचा आवाज ऐकायचा राहून जातो.

शनिवार सकाळ: हर्सूल आणि वरची बाजू

सातच्या आत निघा. रिक्षावाल्याला हर्सूल तलाव सांगा, परतीचंही आधीच ठरवून घ्या, तिकडे सकाळी रिकामी रिक्षा लवकर मिळत नाही. वाटेत दिल्ली दरवाजा लागतो. थांबून एकदा मागे वळा आणि जमिनीचा कल बघा. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला गाव. सबंध नहर-ए-अंबरी या एका कलावर उभी आहे.

हर्सूलला हरसिद्धी मातेचं देऊळ आहे. दर्शन घेऊन तलावाकडे या. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि जटवाड्याकडचे डोंगर निळसर दिसतात. आम्ही डबा इथेच सोडतो. धपाटे, दही, कारळाची चटणी. घरून आणलं नसेल तर वाटेत पोहे आणि चहा मिळतोच.

पोट भरल्यावर शेतांच्या बाजूने चालायला लागा. कुणाच्या बांधावर पाय ठेवायच्या आधी हाक मारून विचारा. "दादा, नहरीचं तोंड कुठंय इकडं?" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा शेतकरी हातातलं काम ठेवून सोबत येतात. अशाच एका आजोबांनी आम्हाला पहिलं तोंड दाखवलं होतं. तुरीच्या रांगांमध्ये मध्येच दगड-चुन्याचा एक चौकोन, आडासारखा पण आडापेक्षा अरुंद, काठाला गवत. आजोबा म्हणाले, "वाकू नगा. बसा, अन् गप ऱ्हा."

आम्ही काठापासून हातभर मागे मांडी घालून बसलो. आधी काहीच नाही. मग वाऱ्याचा आवाज कानातून वेगळा झाला, दूरच्या मोटारीचा झाला, आणि त्याच्या खाली एक बारीक, सलग, गारसा आवाज उरला. भांड्यातून भांड्यात पाणी ओततात तसा, पण न थांबणारा. मैत्रिणीने माझा हात धरला. आत बॅटरी टाकली तेव्हा खाली ओला दगड चमकला आणि चेहऱ्यावर कोमट हवा आली. बाहेर आमच्या श्वासाची वाफ दिसत होती आणि खालून येणारी हवा कोमट होती. जमिनीच्या पोटात थंडी-उन्हाचा फरक फारसा पोचत नाही, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी गालाला कळलं.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते. तोंडातून खाली उतरायचं नाही. कितीही पायऱ्या दिसोत, कितीही उत्साह असो. बंद बोगद्यात विषारी वायू साठलेला असू शकतो, बांधकाम चारशे वर्षांचं आहे, आणि खाली घसरलेल्या माणसाला वर काढायची सोय तिथे नाही. काठावरच्या दगडावर उभंही राहू नका. एकदा माझ्याबरोबर आलेल्या एका नातेवाइकांनी फोटोसाठी काठावर पाय ठेवला आणि पायाखालचा दगड हलला. त्यानंतर मी प्रत्येकाला आधी खाली बसवते. तोंडात काही टाकू नका. खडा टाकून खोली मोजायचा मोहसुद्धा आवरा, तोच खडा पुढे नळात अडकतो. आणि एका सकाळी दोन-तीन तोंडं बघितलीत तरी पुष्कळ.

बेगमपुरा, थत्ते हौद

दहा-साडेदहाला हर्सूलहून निघून बेगमपुऱ्यात या. बेगमपुरा खाम नदीच्या पलीकडचा, विद्यापीठाच्या वाटेवरचा जुना पुरा. इथे थत्ते हौद आहे. थत्ते नहरीचं पाणी हर्सूलच्या बाजूनेच येतं, त्यामुळे सकाळी वरून बघितलेल्या पाण्याचं एक टोक इथे सापडतं. हौद विचारत विचारत शोधा. नकाशावर बोट ठेवून थेट जाण्यापेक्षा गल्लीत विचारण्यात इथे खरा फायदा आहे, कारण उत्तर देताना लोक आपल्या आठवणीही सांगतात. कुणाची आजी इथून घागर नेत असे, कुणी लहानपणी इथे पोहायला शिकलं. मैत्रीण अशा वेळी वहीत लिहून घेते. तुम्हीही घ्या. विचारताना घाई करू नका, आणि कुणाचा फोटो काढण्याआधी परवानगी घ्या.

हौदाजवळ उभं राहून एक प्रयोग करा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ती दोन तोंडं शोधा. येणारं तोंड नेहमी थोडं वर असतं, जाणारं खाली. एवढं शोधायची सवय लागली की उरलेल्या भटकंतीत कुठलाही हौद परका वाटत नाही.

दुपारी बाराच्या पुढे खोलीवर परत जा आणि आडवे व्हा. हे मी मनापासून सांगते. थंडीतली दुपारची झोप या बेताचा भाग आहे. जी मंडळी दुपारीही पळतात त्यांना पाणचक्कीवर बसायचं त्राण उरत नाही.

शनिवार दुपार: मकबरा, मग पाणचक्की

अडीचच्या सुमारास बीबी का मकबरा. दिलरस बानू बेगम म्हणजे राबिया-उद-दुरानी, औरंगजेबाची बेगम. तिची ही कबर, बांधकाम १६६० च्या सुमाराचं. ताजमहालाशी तुलना करत लोक इथे फिरतात आणि निम्मं बघायचं सोडून देतात. तुम्ही आत जाताना दाराच्या पितळी पत्र्यापाशी थांबा. तिथे अताउल्ला हा शिल्पी आणि हंसपत राय हा अभियंता, अशा दोघांची नावं कोरलेली आहेत. बांधणाऱ्यांची नावं दारावर असलेली वास्तू आपल्याकडे किती सापडतात? मैत्रीण स्वतः बांधकाम खात्यात आहे, ती दर वर्षी त्या दारापाशी दोन मिनिटं उभी राहते.

आत मधला लांब हौद आणि कारंज्यांची रांग बघा. एकाही कारंज्याला पंप नव्हता. लांबून, उंचावरून आलेल्या पाण्याचा दाब हीच त्यांची ताकद. मागच्या डोंगरावर औरंगाबाद लेणी आहेत, सहाव्या-सातव्या शतकातली बौद्ध लेणी. मकबऱ्याच्या चौथऱ्यावरून तो डोंगर समोर दिसतो, तिथून नजर खाली आणत गेलात की पाण्याची वाट आपोआप आखली जाते. लेण्यांवर चढायचं असेल तर वेगळी सकाळ ठेवा.

चारच्या पुढे पाणचक्की. महमूद दरवाज्याशेजारी, खाम नदीच्या काठावर. चालत जाता येतं, नाहीतर रिक्षा.

ही जागा बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे दर्गा, मशीद, यात्रेकरूंसाठी खोल्या आणि ही चक्की उभी राहत गेली. येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना आणि गोरगरिबांना भाकरी मिळावी म्हणून इथे पाण्याच्या जोरावर धान्य दळलं जात असे. जात्याच्या खोलीत जा. वर दगडी जातं, खाली पात्यांचं चाक. पाणी पात्यांवर पडतं, चाक आडवं फिरतं, त्याच्याबरोबर आस फिरतो आणि आसावर बसवलेली जात्याची वरची तळी फिरते. आपल्या आज्यांचं जातं आणि हे जातं यांत फरक फक्त खुंट्याचा. तिथे हात लागत होता, इथे हर्सूल-जटवाड्याकडचा डोंगर.

मग बाहेर येऊन हौदाच्या काठावर बसा आणि निदान तासभर उठू नका. उंच भिंतीच्या माथ्यावरून पाण्याची चादर हौदात पडत असते. ते पाणी काही किलोमीटर जमिनीखालून आलेलं आहे आणि त्या भिंतीच्या पोटातून वर चढलेलं आहे. सकाळी तोंडाजवळ बसून ऐकलेला बारीक आवाज आणि हा आवाज एकाच जातीचे आहेत, एक आत कोंडलेला, एक मोकळा सुटलेला. हौदात मासे असतात. पाण्याचे तुषार हवेत असतात, म्हणून शाल आत्ताच काढा. संध्याकाळी पाचनंतर इथे गारठा वाढतो. शेजारी जुना वड आहे, त्याच्या फांद्या हौदावर झुकलेल्या.

तुम्ही बसलात त्या हौदाच्या खाली मोठं दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. वरच्या पाण्यामुळे दालन उन्हाळ्यातही गार राहत असे. एवढं वजन पेलणारे खांब आणि न गळणारा चुना बांधणाऱ्यांनी कसा साधला असेल, हा विचार करत आम्ही दोघी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो.

पाणी कमी पडलेल्या वर्षी ही धार बारीक असते. त्या वर्षीही या. बारीक धार बघूनच वरच्या डोंगराचं काय चाललंय ते कळतं.

निघताना महमूद दरवाज्यातून बाहेर पडून पुलावर थांबा आणि खामचं पात्र बघा. बघवत नाही. गावाचं सांडपाणी तिच्यात सोडलेलं आहे, वास येतो. अलीकडे तिचे काठ साफ करायचं, झाडं लावायचं काम सुरू झालं आहे आणि काही ठिकाणी फरक दिसतो. ज्या नदीच्या पोटातलं पाणी शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं तिची ही अवस्था पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. पण हा टप्पा गाळू नका.

रविवार सकाळ: जुनं गाव

साडेसातला भडकल दरवाज्याशी या. मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून हा दरवाजा उभारला. शेजारीच बाबासाहेबांचा पुतळा आहे. इथून सगळं चालत. जुना बाजार, सिटी चौक, सराफा, शहागंज, राजाबाजार, गुलमंडी, पैठण गेट. सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटरपेक्षा जास्त नाही, पण आम्हाला चार तास लागतात.

या भागात नहर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, नहरीच्या खुणा शोधायच्या. भिंतीत अर्धा गाडला गेलेला उंच चौकोनी खांब, ज्याच्या माथ्यावर आता पिंपळ उगवलाय, तो बंब असू शकतो. रस्ता खणलेला असेल तर मातीत तुटका लाल खापरी नळ आणि त्याच्याभोवती पांढऱ्या चुन्याचं कवच दिसतं. एकदा शहागंजच्या बाजूला असाच एक तुकडा ढिगाऱ्यावर पडलेला पाहिला. आतून बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत, आणि तळाशी पाण्याने सोडलेला पांढरा थर. उचलून न्यावासा वाटतो. नेऊ नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा.

शहागंजच्या मशिदीच्या अंगणातले हौद नहरीवर भरत असत. नमाजाची वेळ सोडून, विचारून आत जा. बाहेर निजामकालीन घड्याळाचा मनोरा आहे. राजाबाजारात संस्थान गणपती, शहराचं ग्रामदैवत. गुलमंडीवर सुपारी मारुती. खडकेश्वराला गेलात तर शहराचं पहिलं नाव त्या देवाच्या नावात अजून ऐकू येतं.

खाण्याचं सांगायचं तर, मांसाहार चालत असेल तर नान-खलिया खाल्ल्याशिवाय जुन्या गावातून निघू नका. भट्टीतून काढलेली पिवळसर, मऊ नान आणि मोठ्या देगीत रात्रभर शिजलेला पातळ, झणझणीत खलिया. नान बुडवून खायची, चमचा मागायचा नाही. जिथे स्थानिक माणसं डबे घेऊन रांगेत आहेत तिथेच थांबा. मैत्रीण खात नाही, ती तोवर गुलमंडीवर चहा पिते. हिमरू, म्हणजे इथलं नक्षीदार कापड, बघायचा असेल तर माग चालू असलेल्या ठिकाणी जा, सुती ताणा आणि रेशमी नक्षी विणताना बघितल्याशिवाय शालीच्या किमतीवर बोलू नका.

रविवार दुपार: हुरडा आणि आजचं पाणी

या बेताचा शेवट पैठण रस्त्यावर करा. वाटेत नक्षत्रवाडी लागते. आज शहराचं पाणी जायकवाडीहून येतं. तिथून ते फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीला चढवलं जातं आणि मग गावात सोडलं जातं. धरण शहरापेक्षा बरंच खाली आहे, म्हणून प्रत्येक थेंब विजेच्या पंपाने वर ओढावा लागतो. रस्त्याकडेने जाणाऱ्या मोठमोठ्या जलवाहिन्या दिसल्या की मैत्रिणीला मी दर वेळी एकच गोष्ट दाखवते. आपल्या डोंगरावरचा पाऊस खाममधून वाहत गोदावरीकडे, नाथसागरात म्हणजे जायकवाडीच्याच जलाशयात जातो. जे पाणी वरून आपल्या पायाने गावात येत होतं, तेच आता गावाला वळसा घालून पन्नासेक किलोमीटर खाली जातं आणि वीज जाळून परत वर येतं. आमच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, पाण्याच्या दिवशी पहाटे उठून टाकी भरावी लागते. दोन दिवस नहरीकाठी फिरल्यावर ती टाकी भरताना मला हर्सूलचे आजोबा आठवतात.

शेतावरच्या हुरड्याची चौकशी आदल्या दिवशीच फोन करून ठेवा, रविवारी गर्दी असते. सुरती किंवा गुळभेंडी हुरडा आहे का ते विचारा. चांगली शेतं ते लगेच सांगतात. जमिनीत खणलेल्या आगटीत गोवऱ्या फुललेल्या असतात, कणसं त्यात खुपसतात, दाणा भाजला की तळहातावर चोळून फुंकर मारून तुमच्या पुढ्यात टाकतात. कोवळा, हिरवा, दुधाळ दाणा. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. हुरडा गरम असतानाच खा, गार झाला की त्याची गोडी निघून जाते. आणि त्यावर लगेच पाणी पिऊ नका, पोट जड होतं. ताक प्या.

परतीची एसटी चारच्या आसपासची धरा म्हणजे उजेडात निम्मी वाट सरते. आरक्षण शुक्रवारीच करून ठेवा, रविवारी संध्याकाळी लातूर-नांदेडच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते. मैत्रिणीला गाडीत बसवून देताना गेल्या वेळी मी तिच्या हातात हुरड्याची कागदी पुडी दिली. तिने खिडकीतून वही दाखवली. शेवटच्या पानावर तिने हर्सूलपासून पाणचक्कीपर्यंत एक वाकडी रेघ काढली होती आणि मध्ये दोन ठिकाणी प्रश्नचिन्हं टाकली होती. त्या दोन ठिकाणी पाणी कसं वळतं ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. येत्या डिसेंबरात तिथून सुरुवात करायची आहे.